आहे, आहे, आहे… नाही! : बेसबॉल कार्डं आणि बालपणी राहून गेलेलं स्वप्न



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी मला फोन केला. म्हणाले, सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे बेसबॉलच्या कार्डांचं काय काढलंत? प्रश्न रास्त आहे. मी बेसबॉल कधी खेळलेलो नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचे सगळे नियमही मला अजून नीट कळलेले नाहीत. तरीही हा विषय घेतला, त्याला एक कारण घडलं.

मागच्या वर्षी मी न्यू जर्सीला मुलीकडे होतो. नातू अकरा वर्षांचा. त्याने एक दिवस मोठ्या कौतुकाने आपला कार्डांचा खोका आणून दाखवला. प्रत्येक कार्डावर खेळाडूचा फोटो, मागे त्याची आकडेवारी, आणि प्रत्येक कार्ड स्वतंत्र पारदर्शक प्लास्टिकमध्ये. त्यातलं एक मी जवळून बघावं म्हणून बाहेर काढायला गेलो, तर तो ओरडलाच, "आबा, हात नको लावूस! कोपरा दुमडला तर किंमत जाईल त्याची."

मी हात मागे घेतला. पण ते वाक्य मनातून जाईना. आम्ही लहानपणी काडेपेटीवरची चित्रं जमवायचो, सिगारेटची रिकामी पाकिटं रस्त्यावरून उचलायचो, त्यांचे डाव मांडायचो. चित्र जितकं आवडतं तितकं ते मळलेलं, कारण ते सारखं हातात असायचं. अकरा वर्षांच्या मुलाने आपल्याच खेळण्याविषयी 'हात नको लावूस' म्हणावं, हे कुठून आलं? त्याचा माग काढत गेलो आणि सव्वाशेहून अधिक वर्षांचा एक इतिहास हाती लागला. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात तंबाखूपासून करावी लागते. १८८० च्या दशकात अमेरिकेत सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत. खिशात ती चुरगळू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच छापाची सिगारेट घेईल, हे कारखानदारांच्या लक्षात आलं. नट्या आल्या, राजेरजवाडे आले, पक्षी आले आणि बेसबॉलचे खेळाडूही आले. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने 'ओल्ड जज' सिगारेटबरोबर १८८६ पासून खेळाडूंच्या फोटोंची कार्डं द्यायला सुरुवात केली. तेव्हाच्या कॅमेऱ्याला पळता चेंडू टिपता येत नसे. म्हणून खेळाडूला स्टुडिओत उभं करायचं, छतापासून दोऱ्याने चेंडू टांगायचा, आणि तो झेलतोय असं दाखवायचं. काही कार्डांवर तो दोरासुद्धा दिसतो!

गंमत अशी, की सिगारेट ओढणार बाप आणि कार्ड हवं मुलाला. मुलं तंबाखूच्या दुकानाबाहेर उभी राहून गिऱ्हाइकांकडे कार्ड मागायची.

याच काळानंतरचं एक कार्ड आज जगात सगळ्यांत प्रसिद्ध आहे. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने पाचशेहून अधिक कार्डांची एक मालिका काढली. त्यात पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा होनस वॅग्नर होता. हा माणूस म्हणजे त्या काळातला एक सर्वश्रेष्ठ खेळाडू. फलंदाजीत आठ वेळा नॅशनल लीगमध्ये अव्वल आलेला. पण आपलं चित्र छापायला त्याने नकार दिला आणि त्याच्या कार्डाची छपाई लवकरच थांबली. आज त्याच्या जेमतेम पन्नास-साठ प्रती माहीत आहेत. नकार का दिला? एक मत असं, की तंबाखूच्या पाकिटासाठी मुलांनी पैसे घालवावेत हे त्याला पटत नव्हतं. दुसरं मत असं, की कंपनीने योग्य मोबदला दिला नाही. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळायचा, त्यामुळे पहिलं मत थोडं अवघड होतं. पण अवघड होतं म्हणजे खोटं ठरतं असं नाही. स्वतः व्यसन करणारा बाप मुलाच्या हातातली सिगारेट काढून घेतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता एका वेगळ्याच माणसाकडे येऊ. जेफरसन बर्डिक. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात एका विद्युत-उपकरणांच्या कारखान्यात काम करणारा, एकटा राहणारा, संधिवाताने बोटं वाकडी झालेला माणूस. कार्डं, जाहिरातीची चित्रं, पोस्टकार्डं असा छापील कागद त्याने आयुष्यभर जमवला. १९३९ मध्ये त्याने या सगळ्याची सूची प्रसिद्ध केली. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना 'टी', गमच्या कार्डांना 'आर', अशी अक्षरं आणि पुढे क्रमांक दिले. वॅग्नरच्या मालिकेला आजही जग 'टी-२०६' म्हणतं, ते बर्डिकमुळे. शेवटी त्याने तीन लाखांहून जास्त वस्तूंचा हा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला, आणि दुखऱ्या हातांनी वर्षानुवर्षं तिथे बसून कार्डं स्वतः वह्यांत चिकटवली. १९६३ च्या जानेवारीत काम संपलं आणि मार्चमध्ये तो गेला. त्या संग्रहात वॅग्नरही आहे. लक्षात घ्या, चिकटवलेली कार्डं! आजच्या बाजारात कार्डाला गोंद लागणं म्हणजे जवळजवळ गुन्हा.

पण बर्डिकने नकळत आणखी एक गोष्ट केली. यादी तयार झाली, की यादीतल्या रिकाम्या जागाही तयार होतात. तोपर्यंत माणूस 'माझ्याकडे इतकी कार्डं आहेत' असं म्हणायचा. यादी आली आणि तो 'माझ्याकडे अमुक नाही' असं म्हणू लागला. अमेरिकेतली मुलं कार्डांची देवाणघेवाण करताना समोरच्याचा गठ्ठा भराभर चाळायची आणि तोंडाने पुटपुटायची : आहे, आहे, आहे, आहे… नाही! त्या 'नाही'पाशी हात थांबायचा. स्वप्न जे काय ते तिथे असायचं.

इथे मला माझ्या विषयाकडे थोडं वळू द्या. आपल्याकडच्या वैशेषिकांनी 'अभाव' हा एक स्वतंत्र पदार्थ मानला. जमिनीवर घडा नाही, असं आपण म्हणतो, तेव्हा फक्त जमीन दिसते असं नाही, तर घड्याचं नसणंही कळतं. मात्र त्यांनी एक अट घातली. अभाव हा नेहमी कशाचा तरी अभाव असतो. ज्याचा अभाव, त्याला ते 'प्रतियोगी' म्हणतात. घडा म्हणजे काय हेच ठाऊक नसेल तर घड्याचं नसणं तुम्हाला जाणवणारच नाही. ही अट ध्यानात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

या तत्त्वाचा सर्वांत चोख उपयोग कुठल्या पंडिताने नव्हे, तर बॉस्टनच्या एका गम कंपनीने केला. साल १९३३. महामंदीचा कळस. गाउडी कंपनीने एका सेंटला एक गमची वडी आणि एक कार्ड अशी विक्री सुरू केली. कार्डांना क्रमांक १ ते २४०. एकट्या बेब रूथची चार वेगवेगळी कार्डं. मुलं एकेक सेंट जमवून पाकिटं घेऊ लागली, आणि हळूहळू सगळ्या मोहल्ल्यांत एकच गोष्ट बोलली जाऊ लागली : १०६ नंबर कुणालाच मिळत नाही.

मिळणार कसा? तो छापलाच नव्हता. ही चूक होती की युक्ती? जाणकारांचा कल 'युक्ती' म्हणण्याकडेच आहे. क्रमांक आहे म्हणजे कार्ड असणारच, पुढच्या पाकिटात असेल, त्याच्या पुढच्या पाकिटात असेल… असं करत मुलं गम चघळत राहिली. अखेर काहींनी कंपनीला तक्रारीची पत्रं लिहिली. मग १९३४ मध्ये कंपनीने नॅप लाजवे या जुन्या, १९१६ मध्येच मुख्य लीगमधून निवृत्त झालेल्या खेळाडूचं १०६ क्रमांकाचं कार्ड छापलं आणि तक्रार करणाऱ्यांना टपालाने पाठवलं. पत्राला कार्ड क्लिपने अडकवलेलं असायचं. त्यामुळे काही प्रतींवर क्लिपचा वळ आजही दिसतो. आज ते कार्ड फार दुर्मीळ समजलं जातं. कारण उघड आहे. मंदीच्या दिवसांत बहुतेक मुलं पत्र लिहीत नाहीत, गप्प बसतात.

आता १९५१ च्या शरद ऋतूत ब्रुकलिनमध्ये या. टॉप्स नावाच्या च्युइंग गम कंपनीतला साय बर्गर हा तरुण आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पुठ्ठे आणि कात्री घेऊन बसलेला. वुडी गेलमन हा सहकारी त्याच्या मदतीला. आधीच्या कार्डांपेक्षा मोठं, रंगीत, पुढे संघाचं चिन्ह आणि खेळाडूची सही, मागे त्याची आकडेवारी, अशी त्यांनी रचना केली. १९५२ ची ही मालिका ४०७ कार्डांची. आजच्या कार्डाचा साचा तिथे ठरला.

मालिका टप्प्याटप्प्याने बाजारात आली. ३११ पासून पुढची कार्डं आली तेव्हा मोसम संपत आला होता, शाळा सुरू झाल्या होत्या, मुलांचं लक्ष फुटबॉलकडे गेलं होतं. कार्डं पडून राहिली. या न खपलेल्या मालात ३११ नंबरवर होता न्यूयॉर्क यांकीजचा वीस वर्षांचा मिकी मँटल आणि ३१२ वर जॅकी रॉबिन्सन.

पुढच्या आठ वर्षांत मँटल हा देशभरच्या मुलांचा देव झाला. आणि १९५२ ची खोकी टॉप्सच्या गोदामात जागा अडवून बसली होती. बर्गर यांनी नंतर अनेकदा सांगितलेली हकीकत अशी, की त्यांनी ती जत्रेतल्या खेळवाल्यांना कवडीमोलाने देऊ केली, पण कुणी घेईना. म्हणून १९६० मध्ये ती कचऱ्याच्या तराफ्यावर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिक महासागरात बुडवली. स्वतःच्या टेबलावर जन्मलेली कार्डं स्वतः नेऊन बुडवली. माझ्या नातवाच्या घरापासून तो समुद्र फार लांब नाही.

बरं, जी मुलांच्या हाती पडली त्यांचं काय झालं? ती खेळली गेली. भिंतीशी टेकवून दुरून दुसऱ्या कार्डाने पाडायची. हवेत उडवायची आणि चित्र की आकडे अशी पैज लावायची. कपड्यांच्या चिमट्याने सायकलच्या चाकाच्या तारांत अडकवायची, म्हणजे चाक फिरलं की मोटारसायकलसारखा फडफड आवाज येतो. रबराने गठ्ठा बांधायचा, त्याने कडांना खाचा पडायच्या. खेळाडूचा संघ बदलला की पेन्सिलने जुनं नाव खोडून नवं लिहायचं. आणि मग मुलगा कॉलेजला किंवा लष्करात जायचा, आई खोली आवरायची आणि बुटाचा खोका कचऱ्यात जायचा. त्या पिढीतल्या कुठल्याही अमेरिकन माणसाशी बोला, 'आईने माझी कार्डं टाकली' ही कहाणी ऐकू येतेच. बिचाऱ्या आया! आमच्या आयांनीही तेच केलं होतं, फक्त त्यांच्यावर कुणी लेख लिहिले नाहीत.

हीच मुलं १९७० च्या दशकात चाळिशीकडे आली. हातात पैसा आला आणि राहून गेलेलं 'नाही' आठवलं. कार्डांचे मेळावे भरू लागले. १९७९ मध्ये जेम्स बेकेट या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने किमतींचं पुस्तक काढलं. आता यादीत नावापुढे रक्कम आली. ते पुस्तक मुलांच्याही हाती पडलं आणि सारा खेळच बदलला. १९८० च्या दशकात मुलं पाकीट फोडून कार्ड सरळ प्लास्टिकमध्ये घालू लागली. बाप खोकीच्या खोकी न फोडता माळ्यावर ठेवू लागले, मुलाच्या शिक्षणाला उपयोगी पडतील म्हणून. १९८१ पासून टॉप्सची मक्तेदारीही संपली होती, नव्या कंपन्या आल्या, वारेमाप छपाई झाली. पुढे पाकिटातून गमसुद्धा गेलं, कारण गमचा डाग पडला की कार्डाची किंमत उतरते! आणि झालं काय? सगळ्यांनी सगळंच जपलं, म्हणून त्या काळातली बहुतेक कार्डं आज कुणी फुकटही घेत नाही. जपून ठेवल्यानं किंमत येते हा त्यांचा समज होता. खरं तर १९५२ च्या कार्डांना किंमत आली होती ती कुणीच न जपल्यामुळे.

आता या तिन्ही स्वप्नांचा बाजारातला शेवट पाहू.

वॅग्नरची एक अतिशय कोरीकरकरीत प्रत १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतली. कार्डांना दहापैकी गुण देण्याचा धंदा तेव्हा नुकताच सुरू झाला होता. या कार्डाला आठ गुण आणि पहिला क्रमांक मिळाला. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला विकलं गेलं. आणि २०१३ मध्ये, ज्या व्यापाऱ्याकडे ते एके काळी होतं त्याने कबूल केलं, की मीच त्याच्या कडा कापून धारदार केल्या होत्या.

लाजवेचं कार्ड, आपण पाहिलंच, गमच्या पाकिटात कधी नव्हतंच.

आणि मँटल? १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका घरातून १९५२ ची, कधीच न विकली गेलेली हजारो कार्डं एका व्यापाऱ्याच्या हाती लागली. त्यातलं एक मँटलचं कार्ड २०२२ च्या ऑगस्टमध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्या वेळचा तो विक्रम होता. हे मँटलचं पहिलं कार्डसुद्धा नव्हे. पहिलं १९५१ मध्ये बोमन कंपनीने काढलं होतं. आणि ३११ नंबर त्या टप्प्यातल्या इतर बहुतेक कार्डांपेक्षा दुप्पट छापला गेला होता. म्हणजे दुर्मीळतेचा हिशेब इथे पुरा पडत नाही.

मग हे पैसे कशाचे? तिघांकडे एकत्र पाहा. एक तंबाखूच्या पाकिटातलं, पात्याने तासलेलं. एक पाकिटात न आलेलं. एक न फोडलेल्या खोक्यातलं. मुलांनी ज्यांची स्वप्नं पाहिली, त्या कार्डांच्या ज्या प्रतींना बाजार सर्वांत जास्त मोल देतो, त्यांना मुलाचा हात जवळजवळ लागलेलाच नाही. प्रतवारी करणारा माणूस भिंग घेऊन कोपरे, कडा, पृष्ठभाग तपासतो, म्हणजे काय करतो? तो बालपणाच्या खुणा शोधतो आणि सापडेल तितके गुण कापतो. दहापैकी दहा म्हणजे इथे कुणी मूल आलं नव्हतं याचा दाखला. पन्नाशीतला गृहस्थ जे लाखो डॉलर देऊन घेतो, ते त्याने हरवलेलं कार्ड नसतंच. त्याचं कार्ड मळकं होतं, चाकात फडफडून फाटलं होतं.

वैशेषिकांची अट लक्षात आहे ना? तिच्याकडे परत येतो, कारण तिच्यामुळे या कहाणीतली एक जास्त गंभीर गोष्ट दिसते.

वॅग्नरच्याच पिट्सबर्गमध्ये जॉश गिब्सन नावाचा खेळाडू होता. होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या संघांकडून खेळला. चेंडू इतका दूर मारणारा दुसरा कुणी नाही, असं त्याच्याविषयी म्हणत. पण तो काळा होता. मुख्य लीगची दारं काळ्या खेळाडूंना बंद होती, त्यामुळे त्यांच्या वेगळ्या लीग होत्या. १९४७ च्या जानेवारीत, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गिब्सन वारला. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि दार उघडलं. तीन महिन्यांनी चुकामूक झाली.

गिब्सनच्या हयातीत अमेरिकेतल्या मोठ्या गम कंपन्यांनी त्याचं कार्ड काढलं नाही. १९३३ च्या त्या २४० क्रमांकांत तो कुठेच नव्हता. पण त्याविषयी कंपनीला पत्रं गेली का? १०६ नसल्याचं मुलांना कळलं, कारण १०५ आणि १०७ मध्ये जागा राखलेली होती. गिब्सनसाठी जागाच राखलेली नव्हती, म्हणून त्याचं नसणं यादी धरून बसलेल्या मुलाला दिसलंच नाही. ज्या काळ्या मुलांनी त्याला खेळताना पाहिलं, त्यांना ते दिसलं असणार. त्यांनी काय स्वप्न पाहिलं असेल याची कुठल्याच किंमत-पुस्तकात नोंद नाही. १९७२ मध्ये गिब्सनला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. तेव्हा त्याला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

म्हणून मी म्हणतो, की माणसाला काय हवंसं वाटतं हे पुष्कळदा यादी करणारा ठरवतो. गम कंपनी यादी करते तेव्हा आपण गम चघळतो, बाजार यादी करतो तेव्हा आपण कार्ड प्लास्टिकमध्ये कोंडतो. यादी वाईट असं मी म्हणत नाही, यादी नसती तर बर्डिकचं काम उभंच राहिलं नसतं. पण यादी हातात घेतली की तिच्यात कुणाला क्रमांक दिलेला नाही, तेही एकदा विचारायला हवं.

शेवटी नातवाचं सांगतो आणि थांबतो. तिथून निघण्याआधी मुलीने मला कार्डांच्या एका मेळाव्याला नेलं. काचेखाली मोठी कार्डं होती, पण एका कोपऱ्यात खराब कार्डांची पेटी होती, दोन-दोन डॉलरवाली. त्यात मला १९५६ चं एक कार्ड सापडलं. खेळाडू फारसा नावाजलेला नव्हता. चारी कोपरे गोल झालेले, मधोमध घडी, आणि संघाचं नाव पेन्सिलने खोडून त्यावर मुलाच्या कच्च्या अक्षरात दुसरं नाव लिहिलेलं. विकणारा म्हणाला, कुणीतरी लिहून ठेवलंय, म्हणून स्वस्त.

ते मी नातवाला दिलं. त्याने सवयीने आधी प्लास्टिक शोधलं. मग ते पेन्सिलचं अक्षर दिसलं आणि तो थबकला. "हे कोणी लिहिलं?" मी म्हटलं, तुझ्याच वयाचं कुणीतरी असेल, आता माझ्याएवढं म्हातारं झालं असेल. त्याने बोट त्या अक्षरांवरून फिरवलं. बराच वेळ कार्ड हातातच होतं. पुढे त्याने त्याचं काय केलं, मी विचारलं नाही.

काही प्रश्न असतील तर जरूर विचारा. फक्त बेसबॉलचे नियम विचारू नका.